डिले लाइनचा टॅप बदलताना क्लॉकवर जादा पल्स येते, ती कशी टाळायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डीडीआर३-१६०० मेमरीचा कंट्रोलर करताना वाचनाच्या स्ट्रोबला, म्हणजे डेटा कधी टिपायचा ते सांगणाऱ्या डीक्यूएस सिग्नलला, पाव क्लॉक उशीर द्यायला तुम्ही १६ टॅपची डिले लाइन (सिग्नल पायरीपायरीने उशिरा करणारी साखळी, प्रत्येक पायरी म्हणजे एक टॅप) आणि पुढे त्यातला एक टॅप निवडणारा साधा मक्स लावलाय. टॅप एकेकानेच बदलताय. तरी ७ वरून ८ वर जाताना कधीकधी एक जादा एज (सिग्नलचा चढ किंवा उतार) निघते, रीड फिफोचा (वाचलेला डेटा आल्या क्रमाने ठेवणाऱ्या रांगेचा) पॉइंटर एक घर पुढे जातो आणि तिथून पुढचा सगळा डेटा सरकलेला येतो.

ही भानगड सगळ्यात जास्त ७-८ लाच होणार, कारण बायनरीत ७ म्हणजे ०१११ आणि ८ म्हणजे १०००. चारही बिट एकदम उलटतात, आणि चार तारांवरचे बदल मक्सपाशी एकाच क्षणी पोहोचत नाहीत. मधले काही पिकोसेकंद मक्सला ११११ किंवा ०००० दिसू शकतं. डिले एका टॅपनेच वाढला असं तुम्हाला वाटतं, पण मक्स वाटेत १५ व्या टॅपला हात लावून आलेला असतो.

आकडे घालून बघू. क्लॉक ८०० मेगाहर्ट्झ, म्हणजे पिरियड १२५० पिकोसेकंद आणि त्यातले ६२५ हाय. एक टॅप ४० पिकोसेकंदांचा धरा. आत येणारी एज शून्याला आली, तर टॅप ७ वर ती २८० ला दिसेल, टॅप ८ वर ३२० ला आणि टॅप १५ वर ६०० ला. समजा ४०० ला सिलेक्ट (मक्सला टॅपचा नंबर देणारे ते चार बिट) बदलला आणि ४३० पर्यंत तो ११११ वर रेंगाळला. त्या वेळी ७ आणि ८ दोन्ही हाय आहेत, पण १५ अजून लो आहे. म्हणजे आउटपुट २८० ला वर गेलं, ४०० ला खाली आलं, ४३० ला पुन्हा वर. एका एजच्या जागी दोन एज. ३० पिकोसेकंदांची ही खाच पुढच्या बफरने कधी गिळली तर सगळं ठीक, नाही गिळली तर फिफो सरकला. त्यामुळेच हा बग कधी दिसतो, कधी नाही.

त्यात तुम्हाला हवा असलेला पाव क्लॉक म्हणजे ३१२.५ पिकोसेकंद, बरोबर ७ आणि ८ च्या मधे. टॅप ठरवणारा तुमचा लूप दिवसभर याच दोन टॅपमधे ये-जा करत बसणार. नशीब म्हणा!

बहुतेक जण यावर ग्रे कोड लावायला सांगतात. बरोबर आहे, एकच बिट बदलतो, मधला खोटा टॅप येत नाही. त्याहून मला थर्मामीटर कोड आवडतो: जितका टॅप तितके १, बाकी ०, आणि एका वेळी एकच बिट हलतो. पण कोड बदलून काम निम्मंच होतं. शेजारच्या दोन टॅपांमधेही ४० पिकोसेकंदांची फट आहेच. सिलेक्ट ३०० ला बदलला तर टॅप ७ वर एज येऊन गेलीय, टॅप ८ वर यायचीय, आणि पुन्हा तीच खाच. रेल्वेचा सांधा गाडी अंगावर असताना बदलत नाहीत, तसंच हे. दोन्ही टॅपांची लेव्हल सारखी असेल तेव्हाच बदलायचं. आपल्या आकड्यांत ती वेळ ३२० ते ९०५, जेव्हा दोन्ही हाय असतात, किंवा ९४५ ते १५३०, जेव्हा दोन्ही लो. उडी जितकी मोठी तितकी ही खिडकी लहान. ७ वरून थेट १५ वर जायचं तर ६०० ते ९०५ एवढीच उरते, आणि उडी अर्ध्या पिरियडएवढी झाली की खिडकीच राहत नाही.

अजून एक, जे फारसं कुणी सांगत नाही. अँड-ऑर गेटांनी बांधलेल्या मक्सचे दोन्ही इनपुट हाय असले तरी सिलेक्ट उलटताना आउटपुट क्षणभर खाली येऊ शकतं, कारण सिलेक्ट आणि त्याचा उलटा सिग्नल दोन्ही एकदम शून्य दिसतात. म्हणून बदल शक्यतो दोन्ही लो असताना करा.

तुमच्या केसमधे मात्र सगळ्यात सोपा उपाय वेगळाच आहे. डीक्यूएस काही सतत चालत नाही, वाचन असेल तेव्हाच हलतो. डीडीआर३ ला साधारण दर ७.८ मायक्रोसेकंदांनी रिफ्रेश (साठलेला डेटा टिकवण्याचा फेरा) द्यावा लागतो, आणि ४ गिगाबिटच्या चिपला एका रिफ्रेशला २६० नॅनोसेकंद लागतात. तेवढ्यात वाचनही नाही, लेखनही नाही, म्हणजे तुमच्या हातात २०८ क्लॉक मोकळे. टॅप तेव्हा बदला, थोडा वेळ स्थिर होऊ द्या, मग वाचन सुरू करा. लाइनीवर एजच नसेल तर मक्स कितीही गलिच्छ असला तरी चालतो, फक्त स्ट्रोब गेट केलेला (वाचन नसताना बंद ठेवलेला) हवा, तरंगता नको. तापमान आणि व्होल्टेजमुळे डिले इतका हळू सरकतो की एका रिफ्रेशला एक टॅप पुरून उरतो. मी तर दर रिफ्रेशलाही बदलू देत नाही. लूपने चार-सहा वेळा एकाच दिशेला कौल दिला तरच एक टॅप हलवायचा. तुमचं ७-८ चं नाचणं त्यानेच थांबेल.

मेमरीला जाणाऱ्या मुख्य क्लॉकला मात्र हे लावू नका. तो रिफ्रेशमधेही चालू आणि नीट असावा लागतो, कारण चिपच्या आतला डीएलएल (क्लॉकशी वेळ जुळवून ठेवणारं सर्किट) त्याच्यावर लॉक झालेला असतो. तो डीएलएल रीसेट झाला तर डीडीआर३ मधे वाचनाआधी ५१२ क्लॉक थांबावं लागतं, म्हणजे तुमच्या वेगाला ६४० नॅनोसेकंद.

सतत चालणाऱ्या क्लॉकचा डिले बदलायचाच असेल, तर सिलेक्टचे फ्लिप-फ्लॉप (क्लॉकच्या एजवर एकेक बिट धरून ठेवणारे) डिले लाइनच्या आउटपुटच्याच फॉलिंग, म्हणजे उतरत्या, एजवर चालवा. टॅप ७ ची फॉलिंग एज ९०५ ला, त्यावर फ्लॉपचे समजा १०० पिकोसेकंद, म्हणजे सिलेक्ट १००५ ला बदलेल आणि आपोआप लो खिडकीत पडेल. दुसऱ्या क्लॉक डोमेनमधून, म्हणजे वेगळ्या क्लॉकवर चालणाऱ्या भागातून, सिलेक्टची अख्खी बस दोन फ्लॉपमधून आणू नका. ‘वाढव’ आणि ‘कमी कर’ असे दोन सिग्नल आणा आणि कोड इकडेच हलवा.

याहून बारीक पायरी हवी असेल तर एक युक्ती मला फार आवडते. सम टॅपांचा एक मक्स, विषम टॅपांचा दुसरा, आणि दोघांमधे फेज इंटरपोलेटर (दोन सिग्नलांच्या वेळा ठरावीक वजनाने मिसळणारं सर्किट). इंटरपोलेटरचं सगळं वजन विषम बाजूवर आलं की सम बाजूचं आउटपुटमधलं वजन शून्य होतं. नेमकं तेव्हा सम बाजू ६ वरून ८ वर न्यायची आणि मग वजन हळूहळू तिकडे सरकवायचं. जी बाजू हलते ती त्या वेळी कुणी ऐकतच नसतं.

हे एफपीजीएवर (हवं तसं सर्किट भरता येणाऱ्या चिपवर) करत असाल तर एलयूटींनी (तिथल्या लॉजिकच्या ठोकळ्यांनी) क्लॉकचा मक्स बांधूच नका. झायलिंक्सच्या सेव्हन सिरीजमधे आयडिलेचे (आतल्या तयार डिले लाइनचे) ३२ टॅप असतात, २०० मेगाहर्ट्झ रेफरन्सला एक टॅप साधारण ७८ पिकोसेकंद. तिथला खड्डा वेगळा: ३१ वर असताना अजून एक वाढवला तर तो थेट ० वर येतो, म्हणजे २.४ नॅनोसेकंदांची उडी. दोन्ही टोकांना अडवणारं लॉजिक स्वतः लिहा. क्लॉकच सरकवायचा असेल तर एमएमसीएमचा (चिपमधल्या क्लॉक बनवणाऱ्या ब्लॉकचा) डायनॅमिक फेज शिफ्ट वापरा. त्याची पायरी आतल्या ऑसिलेटरच्या (व्हीसीओच्या) पिरियडचा ५६ वा भाग, १ गिगाहर्ट्झला सुमारे १८ पिकोसेकंद, आणि त्यात पल्स तुटत नाही.

तपासणीबद्दल. आरटीएल सिम्युलेशनमधे (नुसत्या कोडवर चालवलेल्या चाचणीत) गेटला डिलेच नसतो, तिथे हा ग्लिच, म्हणजे ही क्षणिक खाच, जन्मात दिसणार नाही. लेआउटनंतरची नेटलिस्ट (गेट आणि जोडण्यांची यादी) घ्या, एसडीएफ (गेट आणि तारांच्या डिलेची फाइल) लावा आणि सिलेक्ट बदलण्याची वेळ पूर्ण पिरियडभर थोडी थोडी सरकवत पळवा. बोर्डवर १ गिगाहर्ट्झचा स्कोप लावून उपयोग नाही, त्याचा स्वतःचाच राइज टाइम ३५० पिकोसेकंदांच्या आसपास असतो. त्यापेक्षा डिले लाइनच्या आधी आणि नंतर एकेक काउंटर बसवा. चिप गार-गरम करत, टॅप हलवत राहा आणि दोन्ही आकडे जुळतात का ते बघा. एकाचा फरक पडला तरी कुठला टॅप बदलताना पडला ते रजिस्टरमधे पकडून ठेवा. ७-८ ची दुरुस्ती झाल्यावर ३-४ आणि ११-१२ वरही नजर ठेवा, तिथेही बायनरीत तीन-तीन बिट उलटतात.