इंग्लंडमधल्या गावच्या चर्चमधला जुना बॅरल ऑर्गन (हँडल फिरवून ठरावीक चाली वाजवायचं वाद्य) आता कुठे आहे, हे कसं शोधायचं?

आधी नॅशनल पाइप ऑर्गन रजिस्टरमध्ये, म्हणजे ब्रिटनमधल्या ऑर्गनच्या ऑनलाइन नोंदसूचीत, गाव आणि काउंटी टाकून पाहा. चर्चचं नाव एकटं टाकू नका, सेंट मेरी शेकड्यांनी आहेत.

खरा माग मात्र काउंटी रेकॉर्ड ऑफिसात लागतो. चर्चवॉर्डनच्या (चर्चचा कारभार पाहणाऱ्याच्या) हिशेबवह्यांत हँडल फिरवणाऱ्याचं मानधन दिसतं. ते साधारण 1840 ते 1880 दरम्यान थांबलं असेल, तर त्याच सुमारास हार्मोनियम किंवा की-बोर्डचा ऑर्गन आला असावा. मग त्या वर्षांची व्हेस्ट्रीची (गावच्या चर्चसभेची) इतिवृत्तं आणि चर्चमध्ये बदल करायला डायोसिसने, म्हणजे बिशपच्या प्रांताने, दिलेले ‘फॅकल्टी’ परवाने वाचा. वाद्य विकलं की हलवलं, ते तिथे सापडू शकतं.

शोध फसतो तो बहुधा वाद्याचं रूप बदलल्यामुळे. कुणी त्याला की-बोर्ड जोडला, कुणी पाइप नव्या ऑर्गनमध्ये वापरले, कुणी वाद्याच्या लाकडी खोक्याचं कपाट केलं. म्हणून जवळच्या संग्रहालयांत ‘ऑर्गन’ विचारण्याआधी ज्याच्यामुळे चाल वाजते तो खिळे ठोकलेला लाकडी रूळ आहे का, ते विचारा. असलाच तर त्याचा क्रमांक आणि खोक्याच्या आत चिकटवलेली चालींची यादी, दोन्हींचे फोटो मागवा. ओळख पटवायला त्याहून भक्कम पुरावा क्वचितच मिळतो.

आणि वाद्य मूळ जागीच असू शकतं! सफोकमधल्या शेलंडच्या चर्चमध्ये ब्राइसन या निर्मात्याचा बॅरल ऑर्गन आजही आहे.