डीएनए उसवत का नाही? वाचकांचे प्रश्न

बारावीत आहे. हायड्रोजन बंध नाजूक असतात, मग डीएनए उसवत कसा नाही? (कॉलेज रोड)

नाजूक आहेत ते डीएनएच्या दोन साखळ्यांना जोडणारे आडवे बंध. उभ्या साखळीत शर्करा आणि फॉस्फेटला बांधणारा फॉस्फोडायएस्टर बंध सहसंयुज (इलेक्ट्रॉन वाटून घेणारा), चांगला दणकट. दोन साखळ्यांमध्ये मात्र समोरासमोरच्या बेसच्या जोड्या असतात: अ‍ॅडेनीन-थायमीन जोडीत दोन आणि ग्वानीन-सायटोसीन जोडीत तीन हायड्रोजन बंध असतात. एकेकटा किरकोळच, पण असे लाखो बंध एकदम सुटायला हवेत ना! शिवाय या जोड्या ०.३४ नॅनोमीटरवर एकीवर एक रचलेल्या असतात आणि त्या थरांमधलं आकर्षण डीएनएला हायड्रोजन बंधांपेक्षाही जास्त सावरून धरतं.

पीसीआरमध्ये (डीएनएच्या प्रती काढण्याच्या तंत्रात) ९५ अंशांना डीएनए फुटत नाही का? (सातपूर)

साखळ्या सुटतात, तुटत नाहीत. थंड केलं की पुन्हा जुळतात.

शाळेत द्राक्षं कुस्करून डीएनए काढला, पण धागे जेमतेम आले. काय चुकलं? (शिक्षिका, निफाड)

बाई, चूक द्राक्षाची. त्यात पाणीच फार आणि गुणसूत्रांचे संच दोनच. बाजारातल्या स्ट्रॉबेरीत आठ असतात. सुरगाण्याची स्ट्रॉबेरी आली की ती घेऊन बघा. भांड्यांच्या साबणाने पेशींची पटलं फुटतात. मीठ विसरू नका: त्यातला सोडियम फॉस्फेटचा ऋण प्रभार झाकतो, तेव्हाच अल्कोहोलमध्ये धागे एकत्र येतात. गाळलेल्या रसाचा ग्लास तिरका धरून थंडगार अल्कोहोल कडेने हळूच सोडा. दोन थरांच्या मध्ये पांढरट, शेंबडासारखा गुंता जमेल. तो काडीवर गुंडाळता येतो. मात्र त्यात पेक्टिन (फळातला चिकट पदार्थ) आणि प्रथिनंही असतात, मुलांना शुद्ध डीएनए म्हणून दाखवू नका.

कोविडच्या एमआरएनए लसींना उणे ७० अंशांची थंडी कशाला लागायची? (देवळाली कॅम्प)

सगळ्यांना नाही, काहींना. एमआरएनए हा आरएनएचाच एक प्रकार. आरएनएच्या शर्करेत दुसऱ्या कार्बनवर हायड्रॉक्सिल गट असतो. डीएनएत तिथे नुसता हायड्रोजन. हा गट शेजारच्याच फॉस्फोडायएस्टर बंधावर चाल करतो आणि साखळी कापली जाते. म्हणजे घरचाच भेदी! ऊब आणि अल्कली मिळाली की काम आणखी झटपट. त्यात आपल्या बोटांवरही आरएनए कापणारी एन्झाइमं असतात, म्हणून प्रयोगशाळेत हातमोजे घालायचेच. पुण्यात तयार झालेल्या जेमकोव्हॅक-ओएम लशीत पाणी काढून भुकटी केली, म्हणून ती २ ते ८ अंशांवर, साध्या फ्रीजमध्ये टिकते.