गाडी सेल्फ घेते पण प्लगला करंटच नाही

प्रश्न: नमस्कार सर, माझी जुनी पेट्रोल गाडी आहे, पॉइंटवाली (कॉईलचा करंट जोडणारे-तोडणारे कॉन्टॅक्ट), कार्ब्युरेटरवाली. बरेच महिने उभी होती. आता बॅटरी चार्ज केली तर सेल्फ मस्त मारते, पेट्रोल पण कार्ब्युरेटरपर्यंत येतंय, पण प्लग काढून बघितला तर ठिणगीच नाही. प्लग नवीन टाकले, मग कॉईल (बॅटरीचे १२ व्होल्ट हजारो व्होल्टपर्यंत वाढवणारी) पण नवीन टाकली, तरी तेच. आता डिस्ट्रिब्युटर (प्रत्येक प्लगला करंट वाटणारा भाग) पूर्ण बदलू का?

उत्तर: नका बदलू, थांबा जरा. एकेक पार्ट बदलत गेलात तर खर्च होत राहील आणि फॉल्ट तिथंच बसलेला असेल. आधी करंट कुठपर्यंत येतोय ते बघायचं.

डिस्ट्रिब्युटर कॅपच्या मधली जाड वायर काढा, तिचं टोक इंजिनच्या उघड्या लोखंडापासून ५-६ मिमीवर धरा आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. वायर हातात नाही, इन्सुलेटेड पक्कडीत धरायची, कारण तिथं २० हजार व्होल्टच्या आसपास येतं, आणि जवळपास पेट्रोल सांडलेलं नको. इथं ठिणगी पडली तर कॉईल, पॉइंट सगळं ठीक आहे, दोष बहुतेक कॅप नाहीतर रोटरमध्ये (कॅपखाली फिरणारा तुकडा). कॅपमधला कार्बन झिजलाय का, आतून तडा आहे का बघा, रोटरला तडा असला तर सगळा करंट शाफ्टमधून अर्थ होतो (इंजिनच्या लोखंडात उतरतो) आणि तो तडा पटकन दिसतही नाही.

पण तुमच्याकडे तिथंही ठिणगी नसणार असं मला वाटतं. उभ्या गाडीत पॉइंटवर थर चढतो आणि ते मिटलेले दिसले तरी करंट पुढे जाऊ देत नाहीत! म्हणून आधी चावी ऑन करून कॉईलच्या प्लसला सप्लाय येतोय ना ते बघा, मग १२ व्होल्टचा छोटा टेस्ट लॅम्प कॉईलच्या मायनसला आणि अर्थला लावून सेल्फ मारा. दिवा लुकलुकला पाहिजे. सतत पेटलेलाच राहिला तर पॉइंट अर्थ देत नाहीयेत, किंवा कॉईल आणि पॉइंटच्या मधली बारीक वायर आत तुटलीय (इन्सुलेशन शाबूत असतं म्हणून कळत नाही). पेटलाच नाही तर कॉईलकडून डिस्ट्रिब्युटरला जाणारी वायर मायनसवरून सोडा, आता पेटला म्हणजे एकतर पॉइंट उघडतच नाहीत किंवा आत कुठंतरी शॉर्ट आहे, बरेचदा पॉइंटला जोडलेला कंडेन्सरच. आणि हो, कॅप उघडलेली असतानाच सेल्फ मारून रोटर फिरतोय ना तेही बघून घ्या, फिरत नसेल तर हा इलेक्ट्रिकचा विषयच नाही.

पॉइंट साफ करायला बारीक पॉलिश पेपर, मग पेट्रोलने पुसून पूर्ण सुकू द्या. नवीन टाकले तरी पुसायचेच, त्यांना पॅकिंगचं तेल असतं. कॅमच्या (शाफ्टवरचा पॉइंट उघडणारा भाग) उंचवट्याने पॉइंट पूर्ण उघडल्यावर फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) गॅप लावा, बऱ्याच गाड्यांना ०.४ ते ०.५ मिमी चालतो पण तुमच्या मॅन्युअलमधला आकडा खरा. चेक करताना चावी उगाच ऑन ठेवू नका, पॉइंट मिटलेले असले की कॉईल तापते.

जुनी कॉईल फेकली नसेल तर मीटरने तिच्या प्लस-मायनसमधला ओहम मोजा आणि नवीनचाही मोजा. साध्या कॉईलला साधारण ३ ओहम येतो, बॅलास्ट रेझिस्टरवालीला (कॉईलचा करंट कमी करणारा वेगळा रेझिस्टर असलेली) दीडच्या आसपास. बॅलास्ट नसलेल्या साध्या गाडीत दीडवाली बसवली असेल तर गाडी चालू होईल पण पॉइंट लवकर जळतील, तेव्हा ती बदलूनच घ्या.