गॅरेजवाल्यानं विकलेली जावा, पण गाडी नक्की कोणाची?

जुळे सोलापूरच्या एका भावांचा प्रश्न आलाय, आधी तो थोडक्यात सांगतो. एका जुन्या गॅरेजच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांना १९७१ ची जावा २५० दिसली, टायर जमिनीला चिकटलेले, टाकीत गंज, सीटमध्ये उंदरांनी घर केलेलं. मालक २००३ साली दुरुस्तीला लावून गेले ते परत आलेच नाहीत, बिल थकलं म्हणून गाडी पडून आहे, असं गॅरेजवाल्या काकांनी सांगितलं आणि ४५,००० रुपयाला ५०० च्या स्टॅम्प पेपरवर लिहून दिली. आरसी बुक नाही, फक्त एक पुसट झेरॉक्स. भावांनी वर्षभर खपून १ लाख १० हजार घातले, बोअर, क्रँक, वायरिंग, टाकीचं क्रोम, सगळं केलं. मग स्टेटसला फोटो टाकला आणि तो फिरत फिरत मूळ मालकांच्या पुण्यातल्या मुलीपर्यंत गेला. तिचा फोन आला, ही आमच्या बाबांची गाडी आहे, बाबा २००६ ला गेले, गाडी परत द्या नाहीतर पोलिसात जाते. आता भाऊ विचारतात, स्टॅम्प आहे, पैसे दिलेत, वीस-बावीस वर्षं कोणी फिरकलं नाही, मग गाडी माझीच ना?

भाऊ, स्पष्टच सांगतो. आज कायद्याने ती तुमची नाहीये. हे वाचून पोटात गोळा येईल, वर्षभर हातानं घासून उभी केलेली गाडी आहे ती, पण आधी हे नीट समजून घ्या मग पुढचा रस्ता दिसेल, आणि रस्ता आहे.

विकणाऱ्याकडे जेवढा हक्क असतो तेवढाच घेणाऱ्याकडे येतो, वस्तू विक्री कायदा १९३० च्या कलम २७ चा गाभा हाच. गॅरेजवाल्याकडे गाडी दुरुस्तीला आली होती, विकायला नाही. काम करून बिल थकलं असेल तर करार कायद्याच्या कलम १७० प्रमाणे बिल मिळेपर्यंत त्यांना गाडी अडवून ठेवता येते, हा हक्क खरा आहे आणि बरेच मेकॅनिक लोक इथेच गल्लत करतात, त्यांना वाटतं अडवता येते म्हणजे विकता पण येते. तसं नाही. तारण ठेवून कर्ज देणाऱ्याला रीतसर नोटीस देऊन विकायचा अधिकार कायदा देतो, दुरुस्ती करणाऱ्याला देत नाही. त्यामुळे काकांनी तुम्हाला जे विकलं ते त्यांचं नव्हतंच. स्टॅम्प पेपर ५०० चा असू द्या नाहीतर ५,००० चा, तो फक्त तुम्ही पैसे दिले याचा पुरावा आहे, मालकीचा नाही.

आणि ते बावीस वर्षांचं. मुदत कायद्यात दुसऱ्याने परस्पर विकलेली वस्तू परत मागायची मुदत तीन वर्षं आहे, पण ती मोजायला सुरुवात होते वस्तू कोणाच्या ताब्यात आहे हे खऱ्या हक्कदाराला कळलं त्या दिवसापासून. त्या ताईंना कळलं तुमच्या स्टेटसवरून. म्हणजे त्यांची तीन वर्षं आत्ता कुठे सुरू झालीत. "इतकी वर्षं झोपला होता का" हे फोनवर बोलायला बरं वाटतं, कोर्टात त्याला किंमत नाही.

आता पोलिसांची भीती. चोरीचा माल बाळगल्याचं कलम, भारतीय न्याय संहितेचं ३१७, त्यात मुख्य मुद्दा असा की माल तसला आहे हे तुम्हाला माहीत होतं का किंवा कळायला पुरेसं कारण होतं का. तुम्ही उघड घेतली, लिहून घेतलं, पैसे ऑनलाइन दिले, फोटो जगाला दाखवला, हे सगळं तुमच्या बाजूचं आहे. पण आरसी नव्हती आणि मालक दुसराच हे तुम्हाला ठाऊक होतं, ही कमजोर बाजू पण आहे, लपवून उपयोग नाही. आणि ताईंनी सांगितल्यापासून तर "मला माहीत नव्हतं" हे तुम्ही म्हणूच शकत नाही. म्हणून आजपासून गाडी कुठे हलवू नका, दुसऱ्याला विकू नका, पार्ट काढून ठेवू नका, स्टेटस डिलीट करू नका. स्टेशनमधून फोन आला तर टाळू नका, वकील घेऊन जा आणि सगळे कागद दाखवा. पोलिसांनी गाडी जप्त केली तर ती कोर्टातून सुपूर्दनाम्यावर, म्हणजे बोलावलं की हजर करीन अशा लेखी हमीवर, सुटते, पण तिथे साधारण आरसीवर ज्याचं नाव त्याच्या बाजूलाच कल असतो.

एक गोष्ट तुम्ही अगदी सहज लिहिलीत आणि मला त्याचीच सगळ्यात जास्त काळजी वाटली, की रविवारी पहाटे सिद्धेश्वर तलावापर्यंत एक चक्कर मारता. कृपा करून बंद करा. नोंदणीची मुदत संपलेली, इन्शुरन्स नाही, आणि आरसीवर वारलेल्या माणसाचं नाव. विमा नसल्याचा पहिला दंड २,००० आणि तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, पण दंडाचं सोडा हो, सकाळी फिरायला आलेल्या एखाद्या आजोबांना धक्का लागला तर भरपाई तुमच्या खिशातून जाईल आणि शिवाय मूळ मालकांच्या कुटुंबालाही कोर्टात ओढलं जाईल, कारण मोटार वाहन कायद्यात मालक म्हणजे नोंदीत ज्याचं नाव तो, सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये नवीन कुमार खटल्यात हे पुन्हा पक्कं केलंय. ज्या लोकांची सही तुम्हाला हवी आहे त्यांनाच अडचणीत टाकाल.

सही म्हणतोय कारण सगळा मार्ग तिथूनच जातो. त्या ताईंना शत्रू समजू नका. तुमच्या या गाडीला कायद्याचं दार उघडून देणारं जगात कोणी असेल तर त्याच आहेत. फोनवर वाद न घालता एकदा पुण्याला जा, सोबत घरातलं एखादं मोठं माणूस घ्या, गाडी मिळाली तेव्हाचे फोटो आणि बिलांची फाइल न्या. किक आणि गिअरला एकच दांडा असलेली ती गाडी, त्यावर टाकीवर बसून ती मुलगी शाळेत गेली असेल कदाचित, तिला गाडीची किंमत नको असेल, बाबांची गाडी परस्पर गेली याचं दुःख असेल. माझ्याकडे आलेल्या अशा भांडणांत निम्मा राग एका सरळ भेटीत उतरलेला मी पाहिलाय.

मालकांच्या पत्नी आहेत का, मुलं किती, हे विचारून घ्या. हिंदू वारसा कायदा १९५६ प्रमाणे बायको, मुलगे, मुली आणि आई असेल तर आई, सगळ्यांचा हक्क आहे, आणि लग्न होऊन गेलेल्या मुलीचा तेवढाच. एकट्या भावाने सही केली आणि बहिणीने नाही तर तुम्ही परत तिथेच. ते द्यायला तयार झाले तर रक्कम ठरवा, नोटरीसमोर समजुतीचा करार करा, त्यात सगळे वारस, गाडीचा चेसिस नंबर आणि कोणाची कुठली तक्रार उरली नाही हे स्पष्ट लिहा. मग आरटीओ. आधी आपल्या एमएच १३ च्या ऑफिसात जुन्या नंबरवरून नोंद शोधायला अर्ज द्या, इतकी जुनी नोंद कॉम्प्युटरवर नसली तर रजिस्टरमधून काढून चढवावी लागते, त्याला वेळ जातो, धीर धरा. आरसी हरवल्याची पोलिसात नोंद करून फॉर्म २६ वर डुप्लिकेट, मृत्यू दाखल्यासोबत फॉर्म ३१ वर एका वारसाच्या नावे, तिथून फॉर्म २९ आणि ३० वर तुमच्या नावे, आणि फॉर्म २५ वर पाच वर्षांचं नूतनीकरण, त्यासोबत पर्यावरण कर. झेरॉक्सवर नंबर कर्नाटकातला निघाला, आपल्याकडे विजापूर-गुलबर्ग्याच्या गाड्या खूप, तर तिथली एनओसी आधी. आणि पंधरा वर्षांवरची गाडी भंगारातच जाते असं जे कोणी सांगितलंय ते दिल्लीच्या भागाचं आहे, सोलापूरला तसं नाही.

व्हिंटेज नोंदणीचं विचारलंत. जुलै २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांवरच्या गाडीला ती मिळते, १९७१ ची तुमची बसते. नवी नोंदणी २०,००० रुपये, दहा वर्षं चालते, आधी नोंद असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. पण ती गाडी रोज वापरायची नाही, प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच. तुम्हाला चालवायची आहे म्हणून माझ्या मते साधं नूतनीकरणच बरं.

शिवाय व्हिंटेजला गाडी मूळ रूपात लागते, आणि तुमच्या पत्रात शेवटी एक ओळ आहे, क्रँककेस, म्हणजे इंजिनाचं बाहेरचं कवच, तडकला होता म्हणून दुसऱ्या गाडीचा बसवला. इंजिन नंबर त्यावरच असतो भाऊ! म्हणजे आता इंजिनवर कुठल्यातरी दुसऱ्याच गाडीचा नंबर आहे. जुना क्रँककेस भंगारात दिला नसेल तर जपून ठेवा, वेल्डिंग करून तोच परत बसतो का बघा, तो सगळ्यात सरळ उपाय. नाहीतर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली आरटीओची परवानगी आणि त्या दुसऱ्या इंजिनाचा खरेदीचा कागद लागेल. कोणी म्हणालं नंबर घासून जुना पंच करून देतो, तर त्या दुकानातून उठून या, तो गुन्हा आहे. चेसिस नंबरवर रंगाचा थर जाड बसलाय का तेही बघा, इन्स्पेक्टर पेन्सिलने प्रिंट घेतात, अक्षर उमटलं पाहिजे. रंग हळू उतरवा, ग्राइंडर लावू नका.

ताई ऐकल्याच नाहीत आणि गाडीच हवी म्हणाल्या तर लेखी पोच घेऊन, फोटो काढून, सगळ्या वारसांच्या सहीने परत द्या. तुमच्या १ लाख १० हजारासाठी त्यांच्याकडे माणूस म्हणून मागणी जरूर करा, कायद्याने ती बाजू पातळ आहे कारण खर्च तुम्ही स्वतःसाठी केला होता. गॅरेजवाल्या काकांवर मात्र तुमचा दावा पक्का आहे, विकायचा हक्क असल्याची हमी विकणाऱ्यावर असतेच, वस्तू विक्री कायद्याचं कलम १४, त्यामुळे ४५,००० परत आणि वर नुकसानभरपाई मागता येते. त्यांना नोटीस आत्ताच पाठवू, पुण्याची भेट व्हायची वाट बघायला नको. माझ्याकडे येताना स्टॅम्प पेपर मूळ आणा, झेरॉक्स नको, पेमेंटचे स्क्रीनशॉट आणि तो तडकलेला क्रँककेस असेल तर पोत्यात घालून तोही घेऊन या, त्यावरचा नंबर मला स्वतः बघायचाय.