पहिलं युकुलेले कोणतं घ्यावं: सोप्रानो, कॉन्सर्ट, टेनर की बॅरिटोन?

युकुलेले म्हणजे गिटारसारखं छोटं, चार तारांचं वाद्य, आणि ही चार नावं त्याच्या लहानापासून मोठ्यापर्यंतच्या आकारांची. मोठ्या माणसाने शिकायला कॉन्सर्ट घ्यावं, असं माझं ठाम मत आहे. वाजणारी तार साधारण १५ इंचांची असते, त्यामुळे बोटांची गर्दी होत नाही आणि युकुलेलेचा तो हलका, खणखणीत आवाजही टिकतो.

सोप्रानो हा मूळ आकार. १८७९ मध्ये मदैरा या पोर्तुगालच्या बेटावरून हवाईला मजुरीसाठी आलेल्या पोर्तुगीजांनी सोबत छोटी तंतुवाद्यं आणली होती, त्यांतूनच हे वाद्य घडलं. तार जेमतेम १३ इंचांची. लहान मुलांच्या हाताला छान बसतं. टेनर १७ इंचांचं. एकेक सूर छेडत गाण्याची चाल वाजवायची असेल तर ते घ्या.

बॅरिटोनबाबत मात्र सावध राहा. बाकी तिन्हींच्या तारा सहसा जी-सी-ई-ए या सुरांत लावतात, पण बॅरिटोन डी-जी-बी-ई, म्हणजे गिटारच्या बारीक बाजूच्या चार तारांसारखं. यूट्यूबवर पाहून सी कॉर्ड (एकत्र वाजवायचे सूर) धरलीत तर ऐकू येईल जी! गिटार येणाऱ्याला हेच सोयीचं, नवख्याचा मात्र गोंधळ उडतो.

मुंबई-कोकणात राहत असाल तर पहिलं वाद्य लॅमिनेटचं, म्हणजे लाकडाचे पातळ थर चिकटवून केलेलं घ्या. अखंड लाकूड पावसाळ्यातल्या दमट हवेत फुगतं. आणि दुकानात प्रत्येक तार आधी मोकळी, मग बाराव्या फ्रेटवर (मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांपैकी बाराव्या पट्टीपाशी) दाबून वाजवा. दुसरा सूर बरोबर वरच्या सप्तकातला यायला हवा. बेसूर आला तर ते वाद्य घेऊ नका, दिसायला कितीही देखणं असो.