स्टिक सोडली तर काय होतं?

“मॅडम, पूर्वीसारखं कधी जमणार?” हा प्रश्न मी इतक्या जणांकडून ऐकलाय की समोरचा माणूस खुर्चीत टेकायच्या आत तो येणार हे कळतं. पक्षाघातानंतर पोळी लाटता न येणाऱ्या काकू, मशीनमध्ये बोट गेलेला भोसरीचा टर्नर, मनगट मोडल्यापासून तबल्याला न शिवलेला कॉलेजचा मुलगा. दुखणं निराळं, वाक्य तेच. आणि त्या वाक्याच्या पोटात आणखी एक वाक्य दडलेलं असतं: पूर्वीसारखं जमणार नसेल तर मला ते करायचंच नाही. पहिल्या वाक्याचं उत्तर डॉक्टर आणि फिजिओ देतात. मी समुपदेशक, माझं काम दुसऱ्याशी.

त्यातला एक अनुभव इथे सांगते. त्याची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत.

तिशीतला फोटोग्राफर. लग्नं, प्री-वेडिंग, क्वचित बिल्डरांची कामं. ड्रोन स्वतः उडवायचा आणि त्याचा त्याला फार अभिमान. कात्रजजवळ गाडी घसरली, डावा खांदा रस्त्यावर आपटला आणि मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसांना ओढ बसली. दुचाकीच्या अपघातांत ही इजा बऱ्याचदा होते, कारण खांदा एकीकडे आणि मान दुसरीकडे फेकली जाते. त्याच्या वरच्या नसा दुखावल्या होत्या. खांदा उचलेना, कोपर वाकेना. बोटं बऱ्यापैकी चालत होती, पण अंगठा लवकर थकायचा. ऑपरेशन वेळेत झालं, हे चांगलं झालं. अशा इजेत नसेचं ऑपरेशन लागणार असेल तर पहिल्या काही महिन्यांतच त्याचा जास्त उपयोग होतो. ‘येईल आपोआप’ म्हणत वर्ष घालवू नका. नस दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढते. मानेपासून दंडापर्यंतचं अंतर मोजून बघा, म्हणजे इतके महिने का लागतात ते लक्षात येईल.

बायको सोबत आली होती. “ड्रोनची बॅग माळ्यावर टाकलीय यांनी. नुसतं नाव काढलं तरी अंगावर येतात.”

तो म्हणाला, “एका हाताने ड्रोन उडवतं का कोणी? लोकं हसतील.”

लोकं हसतील, हे मी वहीत लिहून ठेवलं. ड्रोन पडेल, असं तो म्हणाला नव्हता.

पुढच्या वेळी मी त्याला रिमोट घेऊन यायला सांगितलं. ते त्याला विचित्र वाटलं असावं, पण आणला. मला ड्रोनमधलं काही कळत नाही, आणि त्या दिवशी त्याचा उपयोगच झाला. मी म्हटलं, मला शिकवा. रिमोटवर दोन छोट्या दांड्या असतात, त्या स्टिक. डाव्या स्टिकने वर-खाली आणि गोल वळवणं, उजव्या स्टिकने पुढे-मागे आणि आडवं नेणं. कॅमेरा खाली-वर करायचं चाकही डावीकडेच. म्हणजे नेमका दुखरा हात. मोटर सुरू करायला दोन्ही स्टिक एकदम खाली, आतल्या बाजूला ओढून धरायच्या. हे सांगताना त्याचा आवाज बदलला.

मुळशीच्या एका रिसॉर्टवर अपघातानंतरचं पहिलं शूट होतं. सगळे नातेवाईक कडेने उभे. डावा अंगठा घसरला, मोटर सुरू होईना. पुन्हा घसरला. नवऱ्यामुलाचे काका पुढे आले, “दादा, आम्ही धरू का?” याने ड्रोन बॅगेत भरला आणि हवा जास्त आहे असं सांगून टाकलं.

“मोटर सुरू करायचा दुसरा मार्ग नाही?”

“आहे की. स्क्रीनवर बटण असतं. दाबून धरलं की स्वतःच उचलतो.”

“मग?”

“ते शिकाऊ लोकांसाठी असतं, मॅडम.”

“तुमच्या कॅमेऱ्यात ऑटोफोकस आहे?”

“आहे.”

“लग्नात वापरता?”

“वापरणारच ना, नाहीतर क्षण जातो.”

“मग ऑटोफोकस वापरणारा फोटोग्राफर शिकाऊ का?”

तो हसला. पण खरी गोष्ट त्याच्या पुढची. मी अगदी अज्ञानातून विचारलं, “समजा उडत असताना दोन्ही स्टिक सोडल्या, तर काय होतं?”

“काही नाही. मधे येतात. ड्रोन आहे तिथे थांबतो.”

“पडत नाही?”

“नाही. जीपीएस असतं. बॅटरी आहे तोवर थांबून राहतो.”

एवढं बोलून तो रिमोटकडे बघत बसला. बराच वेळ. मी मधे बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकाने तोंड उघडायचं नसतं, हे मी अनेक वर्षांच्या कामातून शिकलेय आणि नव्या मुलींनाही पहिल्यांदा हेच शिकवते. शेवटी तो म्हणाला, “म्हणजे दोन्ही एकदम करायची गरजच नाही. आधी वर न्यायचा, सोडायचं. मग पुढे. मग कॅमेरा. मी दोन्ही अंगठे एकदम चालवायचो, कारण मला तसं येत होतं.”

त्याला हे माहीत नव्हतं का? रोज वापरत होता. पण ‘मी पूर्वीसारखाच उडवला पाहिजे’ ही अट मनात पक्की असली की हातातली सोयसुद्धा दिसत नाही. मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीने काम करते. १९५५ पासून त्यांनी मांडलेला गाभा मला आजही सगळ्यात उपयोगी वाटतो: वाईट घटनेचं दुःख होणं स्वाभाविक असतं, पण माणूस अडकून पडतो तो त्या घटनेवर लादलेल्या स्वतःच्या अटीमुळे. हाताचं दुःख खरं होतं. त्याबद्दल तो माझ्यासमोर रडला आणि मी त्याला थांबवलं नाही. अट मात्र आम्ही खोडून काढली.

नंतरचं बरंचसं त्याचं त्यानेच शोधलं. रिमोटला गळ्यातला पट्टा लावून वजन मानेवर घेतलं, तर मान दुखायला लागली. मग पोटाशी टेकणारा ट्रे केला, जसा रेडिओवर चालणारी विमानं उडवणारे वापरतात. कोपर आणि मनगट ट्रेवर टेकलं की डावा अंगठा चालायचा. अडचण हात उचलून धरण्याची होती, अंगठ्याची त्यामानाने कमी. स्टिकची कामं डावी-उजवी बदलून पाहिली, पण जुनी सवय आड आली म्हणून परत पहिल्यासारखी केली. कॅमेरा वाकवायला चाक सोडून स्क्रीनवर बोट दाबून ओढायला लागला. वेग कमी करणारा मोड कायमचा चालू ठेवला आणि शॉट उलट जास्त स्थिर आले, असं तो सांगतो.

एका हाताने धरायचे जॉयस्टिकसारखे कंट्रोलरही मिळतात, पण ते ठरावीक ड्रोनलाच जुळतात. घेण्याआधी खात्री करा. आणि स्टिक सोडली की थांबणं हे जीपीएसवर स्थिर राहणाऱ्या कॅमेरा ड्रोनबद्दल आहे. बंद हॉलमध्ये, दाट झाडीत सिग्नल गेला की तोही वाहत जाऊ शकतो. रेसिंगचे ड्रोन तर सोडले की थांबतच नाहीत. मन सावरणं म्हणजे धोका विसरणं नव्हे. अंगठा थकला तर काय करायचं, हे उडवण्याआधी ठरलेलं हवं. याने ड्रोन उडाला त्या जागी परत आणण्याचं बटण कुठे आहे ते डोळे मिटून चाचपून पक्कं केलं.

सराव कुठे करायचा हाही प्रश्न होता. पुण्यात लोहगावला हवाई दल, खडकवासल्याला एनडीए, मनात आलं आणि उडवला असं चालत नाही. सरकारच्या ‘डिजिटल स्काय’ या संकेतस्थळाच्या नकाशावर हिरवा, म्हणजे वेगळी परवानगी न लागणारा भाग बघून तो भोरकडे मामांच्या शेतावर जायचा. त्याचा ड्रोन २५० ग्रॅमच्या आतला, म्हणजे २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे नॅनो, सगळ्यात लहान गटातला, त्यामुळे पायलट सर्टिफिकेट लागत नव्हतं. बायको शेजारी उभी राहून आकाशाकडे बघायची, तारा, पक्षी, झाडं सांगायची. सुरुवातीला तिचं असणंच त्याला कमीपणाचं वाटायचं. मी विचारलं, मोठ्या शूटवर ड्रोनवर नजर ठेवायला माणूस नसतो का? असतो, म्हणाला, आणि त्याचे पैसेही लावतात.

घरच्यांना माझं सांगणं आहे: ‘तू करू शकतोस’ असं दिवसातून दहा वेळा म्हणू नका. त्याने माणूस एकटा पडतो. ‘यातलं नक्की काय अडतंय?’ एवढं विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा. काकूंना पोळी लाटता येत नव्हती, पण कणीक, तवा, भाजणं सगळं येत होतं. अडत होतं ते एका जागी. ती जागा सापडली की फिजिओला विचारायचा प्रश्नही नेमका होतो.

आमच्या शेवटच्या काही भेटींत एकच विषय उरला होता, पैशांचा. अपघातानंतर त्याने दर निम्मा केला होता, कोणी मागितलं नसताना.

“फुटेज निम्मं देता?”

“नाही.”

“बिघडलेलं देता?”

“छे.”

“वेळ जास्त घेता?”

“अर्धा तास. पण मी आधी पोचतो.”

“मग गिऱ्हाईकाने निम्मे का द्यायचे?”

तो आठवडाभर विचार करून आला. येत्या लग्नसराईचं दरपत्रक बायकोने टाइप केलं होतं, जुन्याच दराने. खाली एक ओळ जास्त होती: ड्रोनसोबत सहायक असेल, त्याचा खर्च वेगळा.