बाजूला हो, पण लेखी हो

प्रिय,

तुझं पत्र काल मिळालं. आत्यांनी मृत्युपत्रात एक्झिक्युटर म्हणून, म्हणजे त्यातलं सगळं अमलात आणणारा म्हणून, तुझं नाव घातलं, तू नोकरीपायी बंगळुरूला, आणि ज्याला दादरचा फ्लॅट मिळणार तो आतेभाऊ म्हणतोय, ‘प्रोबेटचं मी बघतो, तू नुसतं हो म्हण.’ (प्रोबेट म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा दाखला.) असं हो म्हटलं तर आत्यांचा शब्द मोडल्यासारखं होईल, असं तुला वाटतंय. मला तसं वाटत नाही. आपलं जे आहे ते ठरवलेल्या माणसांच्या हाती जावं, एवढंच त्यांना हवं होतं. एक्झिक्युटर होण्याची सक्ती कायदा कुणावरच करत नाही.

पण फोनवर ‘तूच बघ’ म्हटल्याने तू बाजूला होत नाहीस. माझ्या काकांच्या वेळी मी नेमकं हेच केलं होतं. चुलतभावाने अर्ज केला आणि पहिलाच प्रश्न आला, मृत्युपत्रात ज्यांचं नाव आहे ते कुठे आहेत? एक्झिक्युटरने पद नाकारलेलं नसेल तर त्याला कोर्टाचं सायटेशन, म्हणजे बोलावणं, जातं. स्वीकारतोस की सोडतोस, हे विचारल्याशिवाय दुसऱ्याच्या हाती कारभार देत नाहीत. माझा एक कागद नव्हता म्हणून ते प्रकरण कित्येक महिने पडून राहिलं आणि काकू पैशांसाठी ताटकळल्या. ती गोष्ट मला आजही टोचते, म्हणून तुला इतकं सविस्तर लिहितोय.

भारतीय उत्तराधिकार कायदा 1925 चा आहे. त्याच्या कलम 230 प्रमाणे पद सोडायचं तर न्यायाधीशांसमोर तोंडी सांगायचं किंवा सहीनिशी लिहून द्यायचं. तू लिहूनच दे. मात्र सही करण्याआधी एक रात्र जाऊ दे, कारण एकदा सोडलं की त्याच मृत्युपत्राचं प्रोबेट पुन्हा कधीच मागता येत नाही. सहा महिन्यांनी भावाशी बिनसलं तरी नाही.

तोपर्यंत आत्यांच्या कशालाही हात लावू नकोस. अंत्यविधीचा खर्च केलास, घराला कुलूप लावलंस, हे चालतं. पण एक्झिक्युटर म्हणून भाडं घेतलंस, लॉकर उघडून दागिने वाटलेस, कुणाचं देणं फेडलंस, तर तू काम स्वीकारलंस असाच अर्थ निघतो आणि मग सोडण्याचा रस्ता बंद होतो. प्रोबेट हाती आल्यावर सुटायचं तर हायकोर्टात वेगळा अर्ज करावा लागतो.

आता पाटल्यांचं. आत्यांनी त्या तुझ्या नावे लिहिल्यात, हे तू पत्राच्या अगदी शेवटी, ओझरतं लिहिलंयस. मी तिथेच थांबलो. एक्झिक्युटर म्हणून ज्याचं नाव आहे त्यालाच मृत्युपत्रात काही दिलेलं असेल, तर मृत्युपत्र सिद्ध केल्याशिवाय किंवा काम करण्याची तयारी दाखवल्याशिवाय ते त्याला मिळत नाही. हे कलम 141. म्हणजे पद सोडताना पाटल्याही सुटू शकतात. भाऊ प्रेमाने देईलही, पण ते त्याच्या मनावर राहील. तुझ्या आजीपासून आलेल्या त्या पाटल्या. त्यांच्याबद्दल विचारताना संकोच करू नकोस.

यातून एक मधली वाट आहे. अर्ज होणार तो मुंबईत आणि तू महाराष्ट्राबाहेर. अशा एक्झिक्युटरच्या वतीने त्याच्या मुखत्याराला, मृत्युपत्राची प्रत जोडून, लेटर्स ऑफ ॲडमिनिस्ट्रेशन, म्हणजे मिळकतीचा कारभार पाहण्याची कोर्टाची अधिकारपत्रं, देता येतात. ती तू स्वतः प्रोबेट घेईपर्यंतच असतात. भावाला मुखत्यारपत्र दिलंस तर धावपळ तो करेल आणि तुझा हक्क शाबूत राहील. मला विचारशील तर तुझ्यासाठी हेच बरं. पण उद्या हिशेबावरून प्रश्न आला तर तुझंही नाव निघेल, हे धरून चाल.

पूर्णच सोडणार असशील तर भावाला एक समजावून सांग. त्याच्या हाती येईल ते प्रोबेट नसेल. प्रोबेट फक्त नेमलेल्या एक्झिक्युटरलाच मिळतं. उरलेली सगळी मिळकत मृत्युपत्राने त्याला दिली आहे, म्हणून त्याला लेटर्स ऑफ ॲडमिनिस्ट्रेशन मिळतील, आणि त्यासाठी सहसा जामीनदारासह बंधपत्र द्यावं लागतं. त्याला हे आधीच कळलेलं बरं. ऐनवेळी जामीनदार शोधताना माणूस चिडतो आणि राग निघतो तो बाजूला झालेल्यावर.

आतेबहिणीलाही तूच फोन कर. तिचं भावाशी फारसं पटत नाही असं तू लिहिलंयस. वारस म्हणून तिला नोटीस जाईलच. ती कोर्टाकडून येण्याआधी तुझ्या तोंडून तिला सगळं कळू दे. तिने कॅव्हेट, म्हणजे ‘मला ऐकल्याशिवाय काही देऊ नका’ असा कोर्टाला अर्ज, घालून हरकत घेतली तर प्रकरण दाव्यासारखं चालतं आणि मग वर्षं कशी जातात ते मी पाहिलंय.

कागद भावाच्या वकिलाने तयार केला असेल तर तिथल्या तिथे सही करू नकोस, ते त्याचे वकील आहेत. मृत्युपत्राची प्रत मला पाठव, पाटल्यांचं वाक्य शब्दशः कसं आहे ते पाहायचंय. रविवारी सकाळी फोन कर, मी घरीच आहे.

तुझा,
काका